निर्वासित समाजाचे वर्ष : कल्याण छावणीतील सिंधी पंचायतींच्या वार्षिक कार्याचा एक विचार

स्थलांतरित समाजाचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक सामान्यतः शिरगणतीच्या आकड्यांकडे आणि पुनर्वसन खात्याच्या अहवालांकडे वळतो; फार तर ज्यांनी प्रत्यक्ष प्रवास केला त्यांच्या आठवणी तो टिपून घेतो. ही साधने उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु आकड्यांवरून किती माणसे आली एवढेच कळते, आणि आठवणींचा ओढा स्वभावतःच सोडून आलेल्या घराकडे असतो. आल्यानंतर त्या माणसांनी एकमेकांशी काय संबंध राखले, हा प्रश्न या दोहोंच्या मधून निसटतो. त्याच्या उत्तरासाठी एका दुर्लक्षित साधनाकडे पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते साधन म्हणजे समाजाच्या संघटनेचा वर्षभराचा कार्यक्रम. कोणत्या दिवशी सर्वांनी एकत्र यावयाचे, वर्गणी केव्हा गोळा करावयाची, हिशेब केव्हा मिटवावयाचे आणि कोणाचे स्मरण कोणत्या तारखेस करावयाचे, हे सारे ठरविताना एखादा निर्वासित समाज आपण परत जाणार आहोत की येथेच राहणार आहोत, याचाही निर्णय नकळत देत असतो.

या दृष्टीने कल्याण छावणीतील, म्हणजे आजच्या उल्हासनगरातील, सिंधी पंचायतींचा विचार येथे करावयाचा आहे. ठाणे जिल्ह्याला बाहेरून येऊन वसलेले समाज नवे नाहीत. ठाणे शहरातील बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे आहे. तथापि एवढ्या थोड्या काळात एवढा मोठा समाज येऊन एकाच ठिकाणी स्थिरावल्याचे दुसरे उदाहरण या जिल्ह्यात आढळत नाही.

फाळणीच्या वेळी सिंध प्रांतात हिंदूंची वस्ती सुमारे चौथा हिस्सा होती. पंजाबप्रमाणे सिंध प्रांताची विभागणी झाली नाही. संपूर्ण प्रांत पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना सीमेच्या अलीकडे आपल्या भाषेचा, आपल्या मुलखाचा एकही तुकडा उरला नाही. प्रारंभीचे काही महिने पुष्कळ कुटुंबे थांबून होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर निर्गमनास वेग आला. कोणी आगबोटीने मुंबईस उतरले, कोणी रेल्वेने मारवाडमार्गे आले. मुंबई सरकारने त्यांच्यासाठी ज्या लष्करी जागा मोकळ्या केल्या, त्यांत कल्याणलगतची दुसऱ्या महायुद्धातील संक्रमण-छावणी सर्वांत मोठी होती. ठाण्याची कोपरी वसाहत, मुलुंड आणि चेंबूर येथेही वस्त्या झाल्या. पण लोकसंख्येचा भार पडला तो कल्याणवर. छावणीत २,१२६ बराकी व त्याखेरीज सुमारे १,१७३ लहान निवासस्थाने होती, असा आकडा बहुधा दिला जातो. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी होऊन उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. १९५१ च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या ऐंशी हजारांच्या वर भरली. नाव बदलले, पुढे नगरपालिका व १९९६ मध्ये महानगरपालिका झाली, तरी ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ ही लष्कराने घातलेली क्रमवारी आजही रिक्षावाल्याच्या तोंडी व पत्रावरील पत्त्यात कायम आहे.

येथे एका प्रसिद्ध विनोदाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. उल्हासनगरात तयार झालेल्या मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ असा शिक्का असे, आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगितला जाई. विनोद म्हणून तो उत्तम आहे. मात्र समाजशास्त्राच्या दृष्टीने तो साफ चुकीचा आहे. अशी एकच एक, सर्व समाजाला कवेत घेणारी संघटना उल्हासनगरात नांदत नव्हती. होत्या त्या अनेक लहान-मोठ्या पंचायती. बाहेरच्या मराठी माणसाला जो समाज एकजिनसी दिसला, तो आतून शिकारपुरी, लाडकाणी, हैदराबादी, साहिती अशा गावपरत्वे व प्रदेशपरत्वे विभागलेला होता; आमील आणि भाईबंद हा नोकरदार व व्यापारी वर्गांतील जुना भेदही त्याने सोबत आणला होता.

सिंधमधील पंचायत ही गावची किंवा मोहल्ल्याची संस्था. तिच्या प्रमुखास ‘मुखी’ म्हणत आणि हे पद पुष्कळदा एकाच घराण्यात चालत येई. हैदराबाद शहरातील ‘मुखी हाऊस’ ही १९२० मधील वास्तू पाहिली म्हणजे या पदाचा थाट ध्यानात येतो. मुस्लिम बहुसंख्येच्या व जमीनदारांच्या प्रदेशात अल्पसंख्य व्यापारी समाजाला आपसांतील तंटे आपसांतच मिटविणे सोयीचे होते. विवाहाच्या देवघेवीवर मर्यादा घालणे, धर्मशाळा व टिकाणे चालविणे, निराधारास मदत करणे ही कामे पंचायतीकडे असत. टिकाणे म्हणजे जेथे गुरुग्रंथसाहेब व हिंदू देवता एकाच छपराखाली पूजिल्या जातात असे सिंधी मंदिर. ज्यास मंदिर म्हणावे की गुरुद्वारा, असा पेच मराठी वाचकास पडेल, तो सिंधी भाविकास पडत नसे.

छावणीत आल्यावर या संस्थेचा भौगोलिक पायाच गेला. मुखी एका शहरी, त्याची माणसे पाच शहरांत, अशी स्थिती झाली. प्रारंभी सरकार मोफत शिधा देत होते, तोपर्यंत छावणीतील अधिकारी हाच खरा मुखी होता असे म्हणावयास हरकत नाही. परंतु १९४९ च्या अखेरीस हा मोफत शिधा आटोपता घेण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांची नोंदणी १९५० च्या कायद्याने सुरू झाली, आणि भरपाईची व्यवस्था १९५४ च्या कायद्याने झाली. या मधल्या वर्षांत निर्वासिताला ओळखपत्र देणारा, अर्ज लिहून देणारा, ‘हा आमच्या गावचा, याचे तेथे दुकान होते’ अशी साक्ष देणारा कोणी तरी हवा होता. जुन्या गावाच्या नावाने पुन्हा उभ्या राहिलेल्या पंचायतीचे महत्त्व येथे आहे. गाव नकाशावर परके झाले होते, पण गावकरी म्हणून परस्परांना ओळखणे ही रोजची व्यावहारिक गरज होती.

याच काळातील आणखी एका कायद्याने पंचायतींना जे वळण लावले, त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे वाटते. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम हा तो कायदा. मंदिर, धर्मशाळा किंवा धर्मादाय निधी बाळगणाऱ्या संस्थेस नोंदणी करणे, विश्वस्तांची नावे कळविणे आणि दरवर्षी हिशेब तपासून घेणे त्याने बंधनकारक केले. सिंधमध्ये मुखीचा शब्द हाच हिशेब होता. येथे मुखी अध्यक्ष झाला, त्याच्याभोवतीची वडीलधारी मंडळी विश्वस्त झाली आणि संस्थेचे वर्ष साधारणतः ३१ मार्चला संपू लागले. आता योगायोग असा की, सिंधी नववर्ष चेटीचंड हे मार्च-एप्रिलच्या संधिकालातच येते. म्हणजे वहीतील वर्ष आणि चंद्राचे वर्ष जवळजवळ एकाच वेळी उलटते. एका हाताने हिशेब मिटवावयाचे व दुसऱ्या हाताने उत्सवाची वर्गणी जमवावयाची, असा हा काळ पंचायतीच्या कार्यकर्त्यांना वर्षातील सर्वांत धावपळीचा ठरतो.

चेटीचंडाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या लेखाच्या मुख्य प्रश्नाचा उलगडा त्यात आहे. सिंधी समाजात प्रत्येक महिन्याच्या शुक्ल पक्षातील प्रथम चंद्रदर्शनाला ‘चंड’ म्हणतात व त्या दिवशी जलपूजन करण्याची चाल आहे. चैत्रातील चंड तो चेटीचंड. आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशीच किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी तो येतो. परंपरेनुसार हा झुलेलालांचा, म्हणजे उडेरोलालांचा जन्मदिवस. ठठ्ठ्याचा मिर्खशाह नावाचा राज्यकर्ता हिंदूंवर धर्मांतराची सक्ती करू लागला, तेव्हा त्यांनी सिंधूच्या काठी चाळीस दिवस आराधना केली आणि नसरपुरात या देवाने जन्म घेतला, अशी ही कथा आहे. सिंधमधील उडेरोलाल येथील स्थान हिंदू व मुसलमान या दोघांच्याही श्रद्धेचे आहे. मुसलमान त्यास जिंदा पीर मानतात. छळाच्या कथेतील दैवत दोन्ही पक्षांना पूज्य व्हावे, हा सिंधच्या इतिहासाचा एक लक्षणीय विशेष होय.

फाळणीपूर्वी मात्र चेटीचंड हा सर्व सिंधी हिंदूंचा एकमेव सामुदायिक उत्सव नव्हता. दर्यापंथी लोहाणा व्यापाऱ्यांमध्ये त्याचे महत्त्व मोठे होते. नानकपंथी घरांत गुरुपर्व अधिक मोलाचे मानीत, आणि सुशिक्षित आमीलांपैकी कित्येकांवर ब्राह्मो समाजाची वा थिऑसफीची छाया होती. मुंबईत आल्यानंतर प्रा. राम पंजवाणी (१९११–१९८७) आदींनी झुलेलाल हे अवघ्या समाजाचे दैवत आणि चेटीचंड हा अवघ्या समाजाचा दिवस, असा प्रचार गीते, व्याख्याने व मिरवणुका यांच्या द्वारे जाणीवपूर्वक केला. उत्सव जुना, परंतु त्याचे सर्वसमावेशक रूप नवे, स्वातंत्र्योत्तर काळातले आहे. शिवजयंती व सार्वजनिक गणेशोत्सव यांचा इतिहास जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ही प्रक्रिया समजण्यास अडचण पडू नये.

झुलेलालांचीच निवड का झाली? याचे उत्तर दैवताच्या स्वरूपात आहे असे वाटते. स्थानबद्ध देव निर्वासिताच्या उपयोगी पडत नाही. त्याचे क्षेत्र मागे राहते. उडेरोलाल हा जलदेव. त्याची पूजा ‘बहराणा’ घेऊन केली जाते. तबकात कणकेचा दिवा, खडीसाखर, फळे, वेलदोडे ठेवून ते वाजतगाजत पाण्याकडे न्यावयाचे, ‘छेज’ हे काठ्यांचे नृत्य करावयाचे, आणि शेवटी पदर पसरून ‘पल्लव’ मागावयाचे. यासाठी सिंधू नदी असलीच पाहिजे असे नाही. उल्हास नदी, कल्याणची खाडी, मुंबईचा समुद्र, प्रसंगी विहीरसुद्धा चालते. ज्या समाजाला एकही गाव परत मिळणार नव्हते, त्याने जेथे पाणी तेथे देव असे दैवत पुढे आणले, हे अगदी स्वाभाविक झाले.

चेटीचंडाखालोखाल पंचायतींच्या वर्षात महत्त्व आहे ते ‘चालिहा’ या चाळीस दिवसांच्या व्रताचे. हे व्रत चांद्र तिथीवर नसून जुलैच्या मध्यास, कर्कसंक्रांतीच्या सुमारास सुरू होते व ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात संपते. सिंधमध्ये हा सिंधूच्या पुराचा काळ. ठाणे जिल्ह्यात भर पावसाळ्याचा. व्रतस्थ मनुष्य जमिनीवर निजतो, साबण-तेल वर्ज्य करतो, रोज सायंकाळी देवळात जाऊन पूजा करतो. समाप्तीच्या दिवशी सजविलेल्या मटक्या डोक्यावर घेऊन मिरवणूक निघते व त्या पाण्यात विसर्जित होतात. उल्हासनगरच्या पाच क्रमांकाच्या कॅम्पातील चालिया मंदिर हे या व्रताचे मोठे केंद्र आहे. तेथील ज्योत सिंधमधील पीरगोठहून आणलेली आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. विद्यार्थ्यांनी या श्रद्धेकडे केवळ आख्यायिका म्हणून पाहू नये. माणसे घाईघाईने निघाली तेव्हा दागिने, कागदपत्रे व भांडी यांबरोबर जळती ज्योतही आणता येते, असे मानणारा समाज पुराव्यापेक्षा सातत्याला मान देतो, एवढे त्यावरून निश्चित कळते. चाळीस दिवसांच्या या व्रताचे सूफींच्या ‘चिल्ला’ या एकांतसाधनेशी असलेले साम्यही नोंदण्यासारखे आहे.

पंचायतीच्या दृष्टीने चालिह्याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. चेटीचंड एका दिवसात आटोपतो. चालिह्यात मात्र सलग सहा आठवडे शेकडो माणसे रोज एकाच ठिकाणी भेटतात. विवाहाची बोलणी, दुकानाच्या भागीदाऱ्या, आजारी माणसाच्या औषधोपचाराची तजवीज, विधवेच्या मुलाची शाळेची फी, ही सारी कामे आरतीनंतरच्या या भेटींत होऊन जातात. अहवालात हे लिहिलेले सापडत नाही. सापडतो तो प्रसादावरील खर्च.

वर्षातील उरलेले दिवस थोडक्यात सांगता येतील. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी ‘लाललोई’ची शेकोटी, श्रावणात थंड अन्न खाण्याची ‘थदडी’, भाद्रपदातील महालक्ष्मीचा दोरा, कार्तिकात नानकजयंती. यांपैकी बहुतेक घरगुती सण आहेत व पंचायतीचा त्यांत भाग थोडा. २१ जानेवारीचा हुतात्मा हेमू कालाणी स्मृतिदिन मात्र सामुदायिक असतो. १९४३ साली सक्कर येथे फाशी गेलेल्या या विशीच्या आतील तरुणाचे स्मरण करताना, आपण स्वातंत्र्यासाठी किंमत दिलेला समाज आहोत, केवळ आश्रयाला आलेला नव्हे, हे सांगण्याची ओढ स्पष्ट दिसते. याच स्वाभिमानाचे राजकीय रूप म्हणजे सिंध काँग्रेसचे जुने नेते डॉ. चोइथराम गिडवाणी यांनी पहिल्या लोकसभेत ठाण्याचे केलेले प्रतिनिधित्व.

आता जे काम पंचायतींना साधले नाही, त्याकडे वळू. विवाहातील हुंड्याची प्रथा, सिंधी भाषेत ‘देतीलेती’, हा या समाजाचा जुना रोग. सिंध विधिमंडळाने १९३९ मध्येच देतीलेतीविरुद्ध कायदा केला होता. अखिल भारतीय हुंडाबंदी कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६१ साली आला. पंचायतींनीही रकमेवर, पंगतीवर, अहेरावर मर्यादा घालण्याचे ठराव पुनःपुन्हा केले. ठराव पुनःपुन्हा करावे लागणे हाच ते पाळले जात नसल्याचा पुरावा होय. कारण उघड आहे. सिंधमधील गावात पंचायतीने बहिष्कार घातला तर त्या कुटुंबास व्यवहाराला व लग्नाला दुसरी जागा नव्हती. कॅम्पात एका पंचायतीने तोंड फिरविले तर पुढच्या गल्लीत दुसरी उभी. शिवाय लोकल गाडीने तासा-दीड तासात मुंबई. पंचायतीजवळ प्रेम व मदत उरली, धाक उरला नाही.

दुसरे अपयश अधिक गंभीर आहे. ते भाषेचे. पण त्याचे मोजमाप करण्यासाठी तुलनेची गरज आहे, आणि ती तुलना महाराष्ट्रातच, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे, विलक्षण सोयीने उपलब्ध आहे. वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सप्टेंबर १९३९ मध्ये रशियाने पूर्व पोलंड व्यापल्यावर तेथील लक्षावधी लोकांना सैबेरिया, कझाकस्तान व उत्तर रशियात हद्दपार करण्यात आले. जुलै १९४१ च्या करारानंतर सुटका झालेल्यांपैकी काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी मुलांना आश्रय दिला, हे सुपरिचित आहे. वळिवड्यास सुमारे पाच हजार माणसे होती, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले. पोलिशांनी ही छावणी रिकामी केल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि त्या वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले. एकाच छपराखाली पाठोपाठ दोन निर्वासित समाज नांदल्याचे असे उदाहरण इतिहासात वारंवार मिळत नाही.

पोलिशांचे छावणीतील वर्ष पाहावे. १७९१ च्या राज्यघटनेचा दिवस ३ मे आणि १९१८ च्या स्वातंत्र्याचा दिवस ११ नोव्हेंबर हे त्यांचे राष्ट्रीय दिवस. त्यांच्या जोडीला नाताळ, ईस्टर व नोव्हेंबरातील मृतांचे स्मरण हे चर्चचे दिवस. शाळा प्राथमिक ते माध्यमिक, सर्व पोलिश भाषेत व पोलिश अभ्यासक्रमानुसार. बालवीर पथके जोमात होती; कोझेल्स्कच्या रशियन बंदिछावणीतून वाचलेले झ्दिस्वाव पेश्कोव्स्की त्यांचे नेतृत्व करीत. मुंबईहून ‘पोलाक व इंडियाख’, म्हणजे ‘हिंदुस्थानातील पोलिश माणूस’, हे पत्र निघे. पंचगंगेच्या काठी राहूनही हे सगळे वर्ष वॉर्साच्या घड्याळाप्रमाणे चालले होते. कारण आपण परत जाणार, यात कोणालाच शंका नव्हती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. त्यांचे मूळ प्रांत तर सोव्हिएत संघात गेलेच होते. वर्षाचा कार्यक्रम ज्या घराकडे तोंड करून आखला होता, ते घर उरले नाही. काही थोडे नव्या पोलंडला गेले, पुष्कळसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथे पांगले. मात्र छावणीत पाच वर्षे काढलेली मुले आपली भाषा लिहिण्या-वाचण्यास शिकून बाहेर पडली. पुढे ब्रिटनमध्ये ‘हिंदुस्थानातील पोलिश’ म्हणून त्यांनी मंडळ स्थापिले, नियमाने मेळावे भरविले आणि आपल्या छावणीचा इतिहास स्वतःच्या भाषेत सामुदायिकपणे लिहून काढला.

सिंधी पंचायतीच्या वर्षात याच्या नेमके उलट घडले. परत जावयाचे नाही हे सिंधी समाजाने लवकर ओळखले आणि दुकान, कारखाना व महाविद्यालय उभे करण्यास तो लागला. हैदराबाद (सिंध) येथे १९२२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने १९४९ मध्ये वांद्र्यास व १९६५ मध्ये उल्हासनगरात महाविद्यालय काढले; सेवासदनाचे तलरेजा महाविद्यालय १९६१ चे. हे कार्य थोर आहे, आणि त्याचा लाभ कल्याण-डोंबिवलीच्या मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनीही घेतला. परंतु या महाविद्यालयांचे माध्यम इंग्रजी. सिंधी ही शिकविण्याची भाषा राहिली ती प्राथमिक व माध्यमिक शाळांत, आणि तेथे लिपीच्या वादाने तिचे पाय बांधले. १८५३ पासून रूढ असलेली बावन्न अक्षरांची अरबी-सिंधी लिपी ठेवावी, की देवनागरी स्वीकारावी? देवनागरीच्या पक्षाला भारतीय ऐक्याचा व मुलांच्या सोयीचा आधार होता. जयरामदास दौलतराम यांच्यासारखे नेते त्या बाजूचे. अरबी लिपीच्या पक्षाजवळ शंभर वर्षांचे मुद्रित साहित्य होते. दोन्ही लिप्यांना मान्यता देऊन सरकारने वाद मिटविला, असे म्हणतात. खरे तर त्याने तो घराघरांत पाठविला. आजोबा एक लिपी वाचतात, नातू दुसरी वाचू शकेल, पण तिच्यात छापलेले थोडे. म्हणून तो हिंदी किंवा इंग्रजी वाचतो.

पंचायतींनी या बाबतीत काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ठराव केले, शिष्टमंडळे पाठविली. साहित्य अकादमीने सिंधीला १९५७ मध्ये मान्यता दिली आणि १० एप्रिल १९६७ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती आठव्या परिशिष्टात आली, त्यामागे समाजाच्या संघटित आग्रहाचे बळ होते. परंतु पंचायतीच्या वर्षात व्रताला चाळीस दिवस मिळाले तसे वाचनाला मिळाले नाहीत. भाषेची सोय दैवतासारखी करता आली नाही. देव कोणत्याही पाण्यात सापडतो. भाषेला शाळा, छापखाना आणि बाजारपेठ लागते, आणि राज्य नसलेल्या भाषेला या तीनही गोष्टी स्वतःच्या वर्गणीतून उभाराव्या लागतात. पोलिशांना त्यांच्या सरकारचा पैसा होता व पाच वर्षेच काढावयाची होती, हे तुलना करताना विसरता कामा नये. तरीही त्यांनी आपल्या वर्षाचा मध्यबिंदू शाळा ठेवला आणि सिंधी पंचायतींनी देऊळ ठेवले, हा फरक केवळ पैशाचा नाही. २०११ च्या जनगणनेत भारतभर सिंधी मातृभाषा नोंदविणारे सुमारे २७ लाख ७२ हजार भरले. ही नोंद ममत्वाची आहे. त्यांतील किती जण सिंधी वाचतात हे त्यावरून समजत नाही.

१० एप्रिल हा दिवस आता ‘सिंधी भाषा दिवस’ म्हणून पाळला जातो. पंचायतींच्या वर्षात नव्याने आलेला हा दिवस चंद्रावर चालत नाही, इंग्रजी तारखेवर चालतो. तो पूर्वजांनी दिलेला नसून संसदेने दिलेला आहे. काही वर्षी चेटीचंड आणि हा दिवस अगदी लागून येतात. उत्सवात भाषा ऐकू येते ती झुलेलालांच्या ‘पंजड्यां’तून, म्हणजे भक्तिगीतांतून, तरुण मंडळी ती पाठ म्हणतात. दरम्यान शेजारच्या डोंबिवलीत १९९९ पासून गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने पाडव्याची शोभायात्रा निघू लागली. त्याहून पुष्कळ जुनी असलेली चेटीचंडाची मिरवणूक काही स्थानकांपलीकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी निघते. दोन्ही मिरवणुका नववर्षाच्याच. त्या एकमेकींना क्वचितच पाहतात.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने सिंधी समाजावरील ग्रंथांत यू. टी. ठाकूर यांच्या, मुंबई विद्यापीठाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, समाजशास्त्रीय ग्रंथापासून प्रारंभ करावा व नंदिता भवनानी यांच्या २०१४ च्या फाळणीविषयक ग्रंथापर्यंत यावे. त्यानंतर मात्र त्याने कॅम्पात जावे. पंचायतींच्या जुन्या वह्या, वर्गणीच्या याद्या, विवाहविषयक ठरावांची पत्रके जेथे शिल्लक असतील तेथे ती पाहावी. जुन्या पिढीचे कागद अरबी-सिंधीत असावयाचे. सिंधचे व्यापारी हिशेबासाठी जी हटवाणिका लिपी वापरीत, तिच्यातीलही काही हाती लागणे अशक्य नाही. विश्वस्त-अधिनियमानंतरचे हिशेब मात्र इंग्रजीत वा हिंदीत. एकाच संस्थेच्या दप्तरात लिपी कोणत्या साली बदलली, हे पहिल्याने टिपून ठेवावे. आणि त्या जुन्या लिप्या वाचून दाखविणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत; तेव्हा वह्यांच्या आधी त्यांच्याकडे जावे.